वासरू उधळते, पोरगं मातीत खेळते: बांधून ठेवावं का?

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांना समजेल. घरी गाय व्याली, कालवड दीड महिन्याची झाली, संध्याकाळी दाव्यातून मोकळी केली का शेपूट उभी करून अंगणभर उधळते, कुटाराच्या ढिगावर चढते, परवा बंडीच्या चाकाला धडकली. तुमचे बाबा म्हणतात, "बांधून ठेव तिले, सारं दूध उड्या मारण्यात जिरवून राहिली, अंगावर काय धरन ते?" आणि त्याच दमात सात वर्षांच्या नातवाचाही विषय निघाला, का तो शाळेतून आला का पोट्ट्यायसंगं अंधार पडेपर्यंत मातीत खेळते. मग तुम्ही विचारलं का जनावर असो का माणूस, खेळतात काहून, त्यातून मिळतं काय, आणि बांधावं का नाही.

मी पशुवैद्यक आहे, यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या गुरांच्या कोठ्यांमध्येच नोकरी गेली. लेकरांचा डॉक्टर नाही, त्यामुळं कालवडीबद्दल जोरात बोलीन आणि पोराबद्दल जरा सांभाळून.

तुमच्या बाबांचा हिशोब चूक आहे असं पहिल्याच वाक्यात म्हणणार नाही, कारण त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं आहे. खेळाला खर्च लागतोच. अमेरिकेत प्राँगहॉर्न नावाचा हरणासारखा प्राणी आहे, त्याच्या पाडसांच्या उड्या आणि धावपळ शास्त्रज्ञांनी मोजली, तर दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २ टक्के त्यात जाते असं १९९१ साली छापून आलं. मांजराच्या पिलांत हाच आकडा ४ ते ९ टक्के निघाला होता. म्हणजे दूध जिरते हे खरं, पण जिरते ते थोडंसंच, त्यापायी कालवड खंगत नाही, ती खंगत असेल तर कारण दुसरीकडं शोधा, आणि ते बहुतेक वेळा पोटातले जंत किंवा गायीच्या सडाखालून लवकर ओढलेलं वासरू हेच निघते.

खरा मोठा खर्च ऊर्जेचा नाही, धोक्याचा आहे. त्याच १९९१ साली रॉबर्ट हारकोर्ट यांचा दक्षिण अमेरिकेतल्या फर सील या समुद्रकाठच्या प्राण्याच्या पिलांवरचा अभ्यास आला. समुद्रसिंहांनी २६ पिलं मारताना त्यांना दिसली आणि त्यातली २२ त्या घडीला पाण्याकाठी खेळत होती. आपल्याकडं समुद्रसिंह नाही, पण टिपेश्वर, बोर, ताडोबाच्या काठच्या गावांत बिबट आहे, गावोगाव मोकाट कुत्र्यांची टोळी आहे, बिनकठड्याच्या विहिरी तर विचारूच नका. खेळणाऱ्या पिलाचं लक्ष आजूबाजूला नसते, हे कोणत्याही गायक्याला विचारा.

आता गंमत इथंच आहे. एवढी जोखमीची सवय जर निव्वळ फालतू असती तर ती केव्हाच गळून पडली असती, कारण खेळणारी पिलं मरत गेली असती आणि न खेळणारी उरली असती. तसं झालं नाही. उलट गाय, शेळी, कुत्रा, माकड, उंदीर, कावळ्याच्या जातीतले पक्षी, सगळीकडं खेळ आहे. १९९९ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयात ऑक्टोपसांना पाण्यावर तरंगणारी औषधाची रिकामी बाटली दिली, तर काही ऑक्टोपस तिच्यावर पाण्याची पिचकारी मारून ती प्रवाहात सोडायचे, परत आली का परत मारायचे. आणि २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात बंबलबी जातीच्या मधमाश्यांना छोटे लाकडी गोळे दिले तर त्या अन्नाचं आमिष नसतानाही ते गोळे लोळवत बसल्या, एका माशीनं तर ११७ वेळा. त्यातही वयानं लहान माश्या जास्त. तेव्हा "रिकामटेकड्याचा उद्योग" म्हणून हे सोडून देता येत नाही.

मग मिळते काय? याची जुनी उत्तरं दोन आहेत. इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर १९व्या शतकात म्हणाला का पोट भरल्यावर जी ताकद उरते ती पिलू खेळून बाहेर काढते. तुमच्या बाबांचं म्हणणं ह्याच जातीचं आहे, फक्त त्यांना ती उरलेली ताकद वजनात पाहिजे. दुसरं उत्तर जर्मनीच्या कार्ल ग्रोसचं, त्यानं १८९६ साली प्राण्यांच्या खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि सांगितलं का खेळ म्हणजे मोठेपणीच्या कामाची तालीम, लहानपण असतेच त्यासाठी. मांजराचं पिलू लोकरीचा गुंडा पकडते म्हणजे उद्याचा उंदीर पकडायला शिकते. हे ऐकायला एवढं पटते का आजही टीव्हीवर प्राण्यांचा कार्यक्रम लागला का हेच सांगतात.

पण तपासून पाहिलं तेव्हा हे तितकं सरळ निघालं नाही. टिम कॅरो या शास्त्रज्ञानं १९८० मध्ये मांजराच्या काही पिलांना खेळायच्या वस्तू देऊन वाढवलं आणि काहींना न देता, आणि मोठेपणी शिकारीत दोघांत फरक सापडला नाही. आफ्रिकेतल्या मीरकॅट या मुंगसाच्या भाऊबंदांवर लिंडा शार्प यांनी असंच पाहिलं, लहानपणी जास्त लुटुपुटूची मारामारी करणारे मोठेपणी खऱ्या मारामारीत जास्त जिंकत नव्हते. आणि आपल्या कालवडीला तर ना उंदीर पकडायचा ना कुणाशी कुस्ती लढायची, मग ती कशाची तालीम करते?

मला जे उत्तर कोठ्यात उभं राहून सगळ्यात जास्त पटते ते २००१ मध्ये स्पिन्का, न्यूबेरी आणि बेकॉफ या तिघांनी मांडलं. ते म्हणतात का खेळ एखाद्या ठरावीक कामाची तालीम नाही, अचानक काही उलटंसुलटं झालं तर सावरायचं कसं याची तालीम आहे. पाय घसरला, धक्का बसला, अंदाज चुकला, अशा वेळी अंगानं सावरायचं आणि डोक्यानंही घाबरून जायचं नाही, ह्या दोन्हीची.

पटत नसेल तर आज संध्याकाळी खाटेवर बसून कालवडीकडं नीट बघा, मोबाइल खिशात ठेवून. मोकळी झाली का एकदम पळत नाही ती. आधी क्षणभर थबकते, फुर्रकन नाक उडवते, शेपूट दांडीसारखी वर. मग चारी पाय एकाच वेळी उचलून उडी, हवेत असतानाच मागचे दोन्ही पाय एका अंगाला झटकते आणि मान भलत्याच अंगाला. भिंतीकडं सुसाट जाते आणि अगदी शेवटी पुढचे पाय रोवते, मागचं धड घसरते, त्या घसरणीतच गिरकी घेऊन उलट्या दिशेनं पळते. कुत्रं मागं लागलं असतं तर ती अशी पळाली नसती, सरळ रेषेत जीव घेऊन पळाली असती. इथं ती मुद्दाम स्वतःचा तोल घालवून राहिली आहे आणि परत मिळवून राहिली आहे. हीच कालवड उद्या आषाढात काळ्या चिखलात, नाल्याच्या उतारावर, मागून दुसऱ्या गाईचा धक्का खात चालणार आहे. ज्याला आपण उधळणं म्हणतो ते तिचं पाय ओळखून घेणं आहे. उंदीर आणि मांजरांमध्ये तर असंही दिसलं आहे का तोल सांभाळणारा लहान मेंदू ज्या वयात आपल्या जोडण्या घट्ट करत असतो, नेमका त्याच वयात हा पळापळीचा खेळ सगळ्यात जोरात असतो आणि मग कमी होत जातो. म्हणून "मोठी झाली का सोडू" यात फार अर्थ उरत नाही, तिचं वय आताच आहे.

दुसरा भाग सोबतीच्या खेळाचा. तुमच्याकडं वासरू एकटंच आहे, पण शेजारी कोणाकडं शेळीची दोन-तीन करडं असतील तर ती पाहा. एक शेणखताच्या ढिगावर चढते, बाकीची त्याला पाडायला बघतात, पडलं का दुसरं चढते, आणि थोड्या वेळानं वर असलेलं करडू स्वतःच खाली उतरून पाडायच्या बाजूला जाते. कुणी कायमचं वर राहिलं तर खेळ मोडते. कुत्र्याची पिलं तर खेळायच्या आधी पुढचे पाय लांबवून छाती जमिनीला टेकवतात, ढुंगण वर, शेपूट हलती, म्हणजे "आता चावीन ते खोटं बरं का". मार्क बेकॉफ यांनी हेच बारकाईनं पाहिलं, जोरात चावण्याच्या आधी आणि नंतर ही खूण जास्त केली जाते, म्हणजे गैरसमज होऊ नये याची काळजी. आणि वॉर्ड, बाउअर, स्मट्स यांच्या २००८ च्या अभ्यासात नर पिलं मादी पिलांसोबत खेळताना स्वतःहून कमजोर जागेत जाताना दिसली, खाली पडायची, तोंड पुढं करून चाटू द्यायची, खेळ चालू राहावा म्हणून.

आपली पोरं वेगळं काय करतात? डाबडुबली खेळताना चार वर्षांचा भाऊ मागं लागला तर त्याला "कच्चा लिंबू" करून घेतात, तो आऊट झाला तरी राज्य येत नाही. चप्पल तुटली का "टॅम्प्लीज" म्हणून हात वर, आणि सगळे थांबतात. हे कायदे कुठल्या सरांनी शिकवले नाहीत. ज्यानं चिडी खाल्ली त्याला दुसऱ्या दिवशी कोणी बोलवत नाही, एवढी शिक्षा पुरते.

उंदरांवर तर फारच काम झालं आहे. लुटुपुटूच्या मारामारीत उंदराचं पिलू समोरच्याच्या मानेला नाक लावायला बघते, खऱ्या मारामारीत मात्र दात पाठीमागं कंबरेकडं जातात, म्हणजे दोन्ही गोष्टी मुळातच वेगळ्या. याक पँकसेप यांनी दाखवलं का खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे फारच बारीक आवाजात चिवचिवतात, माणसाचा कान २० च्या वर ऐकत नाही म्हणून आपल्याला कळतच नव्हतं. आणि पिलांच्या मेंदूचा वरचा, विचार करणारा थर काढून टाकला तरी ती खेळतात, इतकी ही ओढ आत खोल आहे. सोबत्यांशिवाय वाढलेले उंदीर मोठेपणी दुसऱ्याचा अंदाज घेण्यात कच्चे राहतात, साध्या धक्क्यालाही अति करतात किंवा दबून जातात. एकटं वाढलेलं कुत्रं गल्लीत आलं का कसं वागते हे तुम्ही पाहिलं असेलच.

इथवरचं एकत्र करतो: खर्च आहे, पण छोटा, धोका आहे आणि तो जागेवर अवलंबून, आणि बदल्यात अंग सावरणं आणि दुसऱ्याला ओळखणं या दोन गोष्टी मिळतात ज्या दाव्याला बांधून मिळत नाहीत.

आता माझ्या कामाचा मुद्दा, आणि हाच मला तुम्हाला जास्त सांगायचा आहे. पिलू खेळते केव्हा? पोट भरलं असेल, कुठं दुखत नसेल, भीती नसेल तेव्हाच. त्यामुळं वासराचा खेळ म्हणजे मालकाच्या हातातला फुकटचा थर्मामीटर आहे. दुष्काळात माकडांच्या टोळ्यांतली पिलं खेळणं जवळपास सोडून देतात हे जंगलात नोंदलेलं आहे. वासरांवर कॅनडात २०१० मध्ये काम झालं, दूध कमी केलं आणि दूध तोडलं तेव्हा त्यांचं धावणं कमी झालं. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात शिंगांच्या कळ्या डागल्यावर वासरांचं उधळणं खाली आलं. म्हणजे वासरू हंबरत नाही, खाणंही सोडत नाही, तरी दुखते हे त्याच्या खेळावरून आधी कळू शकते. मी कोठ्यात गेलो का ताप पाहायच्या आधी घरच्या बाईला विचारतो, "वासरू काल उधळलं होतं का?" कारण बहुतेक घरी सडाशेण आणि धार तीच काढते, आणि तिला बरोबर माहीत असते. "दोन दिवस झाले, सोडलं तरी उभंच राहते" असं म्हणाली का मी हगवण, नाभीची सूज, सांधे, जंत ह्या क्रमानं बघत जातो. हगवण दिसायला लागेपर्यंत थांबलं तर लहान वासराचं पाणी फार लवकर तुटते.

एक गल्लत मात्र करू नका. कालवड दावं चघळत बसली, दुसऱ्याचे कान चोखायला लागली, जीभ तोंडाबाहेर काढून गोल फिरवते, भिंत किंवा माती चाटते, याला खेळ म्हणू नका. गॉर्डन बर्गहार्ट या अभ्यासकानं खेळ ओळखायच्या ज्या कसोट्या दिल्या त्यात एक आहे का तेच ते यंत्रासारखं चाललं असेल तर तो खेळ नाही. खेळात दरवेळी थोडा बदल असते. माती चाटणारं वासरू बहुतेक खनिजांच्या कमतरतेचं किंवा जंतांचं असते, आणि कान चोखणारं दुधाचं उपाशी.

बर्गहार्टची दुसरी कसोटी आपखुशीची, म्हणून जाता जाता सांगतो, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, बरेच लोक "बैलाचा खेळ" म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या होत्या, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा मान्य करून परवानगी दिली, नियम पाळून होत असेल तर त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण खेळ तो माणसाचा, बैलाचं ते कामच. तोच गोऱ्हा संध्याकाळी आखरावर दुसऱ्या गोऱ्ह्याशी डोकं लावून उभा राहते, ढकलते, मागं सरते, मधेच सोडून गवत खाते, तो त्याचा खेळ.

पोराचं म्हणाल तर, शाळेचा अभ्यास किती आणि केव्हा हे त्याच्या बाईंना विचारा. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचाच ठेवलेला आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात ३१ वं कलम खेळाच्या हक्काचं आहे, भारतानं तो करार १९९२ मध्ये मान्य केला. म्हणजे सात वर्षांचं पोट्टं मातीत आहे हे काही तुमच्या घरचंच नवल नाही. मला स्वतःला खेड्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते, का इथं पाच वर्षांचा आणि बारा वर्षांचा एकाच टोळीत खेळतात, शहरात वर्ग पाडून खेळवतात. मोबाइलवरचा गेम वाईटच असं मी म्हणणार नाही, पण त्यात समोरचा रुसत नाही, आणि रुसलेल्याला परत खेळात आणायची कला तिथं शिकायला मिळत नाही. अभ्यासासाठी खेळ बंद करण्यापेक्षा अंधार पडला का घरी आणि मग अर्धा तास वही, असा वेळ बांधून द्या, खेळ बांधू नका.

आता बांधायचं का नाही, तर दिवसभर मोकळी ठेवा असं मी म्हणत नाही, तुमच्या घरची जागा पाहून ठरवा. सकाळी आणि संध्याकाळी दूध पाजल्यावर थोडा वेळ मोकळी करा, तिला एवढं पुरते, थकली का आपोआप बसते. एप्रिल-मे मध्ये दुपारी बिलकुल नाही, आपल्याकडं पारा ४५ ला जाते, तेव्हा पहाटेच सोडा. अंगणात फरशी असेल तर तिथं सोडू नका, ओल्या फरशीवर मागचे पाय फाकले का खुब्याला इजा होते आणि ते वासरू मग आयुष्यभर ओढत चालते. मातीची जागा पाहिजे. बंडी, नांगर, वखराची पास, काटेरी तार ह्या वस्तू एका बाजूला घ्या, बंडीला धडकली यात तिची चूक नाही, बंडी मधात उभी होती. विहिरीला कठडा नसेल तर आधी तो, मग बाकी. गाव जंगलाच्या काठाला असेल तर दिवस असतानाच सोडा आणि बुडायच्या आत कोठ्यात घ्या. शेजारी तिच्या वयाचं वासरू किंवा वगार असेल तर दोघींना एकत्र सोडा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एकटी आणि जोडीनं वाढवलेली वासरं तपासली होती, तर शिकवलेला नियम उलटा केल्यावर जोडीतल्या वासरांनी तो लवकर पकडला, एकटी वासरं जुन्याच नियमाला चिकटून राहिली. फक्त त्या दुसऱ्या वासराला हगवण किंवा गजकर्ण नाही हे पाहून घ्या.

बाबांना सांगताना शास्त्र सांगत बसू नका, भांडण होईल. दोन आठवडे ती कशी उधळते ते त्यांनाच रोज बघायला सांगा आणि छातीचा घेर सुतळीनं मोजून सुतळीला गाठ मारत जा, वाढ डोळ्यासमोर दिसेल.

आणि तुम्ही प्रश्नात दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. कालवडीला रोज दूध किती मिळते, म्हणजे सड किती सोडता किंवा बाटलीनं देत असाल तर किती लिटर, साधारण तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं तरी पाहिजे. आणि जंताचं औषध पाजलं का, पाजलं असेल तर कोणत्या तारखेला. हे दोन लिहा, म्हणजे पुढचं सांगतो.